तिसरी बाटली

सोड्याची दुसरी बाटलीही नुसतीच फसफसली. बोटभर फेस तोंडाशी आला, बाटलीच्या अंगावरून ओघळला आणि अंगणातल्या फरशीवर पसरून गप्प झाला. कारंजं काही उडालं नाही.

आता एकच बाटली उरली होती.

खिडकीच्या काचेला नाक चिकटवून धाकटी बघत होती. पैज तिच्यासाठीच लागली होती. सोड्याचा फवारा कुंपणाच्या भिंतीपेक्षा उंच गेला, तर सोमवारपासून ती शाळेत जाणार. नाही गेला, तर वर्षभर कुणी तो विषय काढायचा नाही. थोरलीनं पैज लावली आणि रोजची कटकट एकदाची मिटावी म्हणून आई हो म्हणाली.

धाकटीचं आजारपण कधीच संपलं होतं. "आता लोळू द्या तिला मातीत," असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण आईच्या हातांची सवय सुटत नव्हती. बाहेरून आलेली वस्तू आधी नळाखाली जायची. लिंबं, दुधाच्या पिशव्या, सुटी नाणी, वह्यांची प्लॅस्टिकची कव्हरंसुद्धा. "एक दिवस मलाही चिमटे लावून दोरीवर वाळत घालशील," बाबा म्हणायचे. आई हसायची आणि त्यांचा डबा दुसऱ्यांदा घासायला घ्यायची.

थोरलीनं उरलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या तळहातावर घेतल्या. पुस्तकात तर सगळं नीट लिहिलं होतं. गोळी गुळगुळीत दिसते, पण तिच्या अंगभर बारीक बारीक खळगे असतात. सोड्यात कोंडलेल्या वायूचे त्या खळग्यांना धरून बुडबुडे होतात आणि ते सगळे एकदम वर धावतात. तिनं एका गोळीवरून अंगठा फिरवला. वरचा पांढरा थर गेला होता. गोळी काचेच्या गोटीसारखी चकचकत होती.

"आई, या गोळ्या धुतल्यास तू?"

"मग? धुतल्या, पुसल्या, डबीत भरल्या." आई दारात हात पुसत उभी होती. "दुकानातून आलेल्या ना त्या!"

"अगं, मग खळगे राहतील कुठून? बुडबुड्यांनी धरायचं कशाला?" थोरलीचा आवाज चिरकला. "सगळं धुऊन टाकलंस तू!"

आईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. धुऊन धुऊन ते मात्र खरखरीत झाले होते. पैज ती जिंकलीच होती. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं.

ती वळली आणि आत गेली. ओट्यावर गोळ्यांचा दुसरा पुडा होता, धुवायचा राहिलेला. थोरलीला नळ सोडल्याचा आवाज आला. तिनं डोळे गच्च मिटले. काचेमागची धाकटीही मान वळवून आत बघू लागली.

पाणी वाहत राहिलं. मग नळ बंद झाला.

आई अंगणात आली. तिच्या हातातला पुडा कोरडा होता.

"धर," ती म्हणाली. "आणि बाटलीत टाकायच्या आधी यातली एक धाकटीला दे. तशीच."