दारातला मेंढा

ग्वांटानामोच्या पिंजऱ्यात मी एकच शपथ घोकत होतो. ज्या हरामखोरानं मला दहशतवादी ठरवून अमेरिकनांच्या हवाली केलं, तो आम्हा पठाणांच्या रिवाजाप्रमाणे मेंढा घेऊन माफी मागायला दारात आला, तरी त्याला माफ करायचं नाही.

सुटलो, खोस्तला घरी आलो. इतकी वर्षं माझं शेत कसणारा, माझ्या आईचं औषधपाणी बघणारा माझा जिगरी दोस्त जानान दुसऱ्याच दिवशी दारात हजर. सोबत मेंढा.

"लेका, मेजवानीला एवढा मोठा मेंढा? ये, आत ये!"

जानान उंबरठ्याबाहेरच थांबला. पगडी काढून त्यानं माझ्या पायाशी ठेवली.

"आधी माफ केलं म्हण. मग आत येतो."