नवं दावं

माळेगावच्या जत्रेत बैल विकला तरी दावं विकायचं नाही, ते घरी माघारी आणलं की गोठ्यातली लक्ष्मी जात नाही, ही शेषेरावांच्या आजोबांपासूनची चाल. बैल घेणारा आपलं नवं दावं घेऊनच येतो.

यंदा त्यांनी घरचा शेवटचा लालकंधारी बैल विकला. "वय झालंय, पण माझ्या औताला चालंल," असं घेणारा म्हणाला, तेव्हा कुठं त्यांनी होकार दिला. बैलाच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावून त्यांनी दावं सोडलं, खांद्यावर टाकलं आणि शिंग धरून म्हणाले, "आणा तुमचं दावं."



म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांनी भरलेल्या टेम्पोचा फाळका पाडत घेणारा म्हणाला, "दावं कशाला, मामा? ह्याला आता बांधायचंय कुठं?"