पाचातले तीन

"खोटं विसरायला शिकवू नकोस गं नवऱ्याला," असं मर्ना म्हणाली होती. जोलीनने ते हसण्यावारी नेलं. मर्नाचा नवरा लाइल जोलीनच्या नवऱ्याच्याच संघाकडून अकरा मोसम खेळला होता आणि आता दिवसभर खिडकीशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचा. दुधाने पोळलेली बाई, ताक फुंकणारच, असं जोलीनला वाटलं.

कॅनडातल्या सास्काटूनच्या त्या संघात, चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या तिथल्या फुटबॉलमध्ये, ही युक्ती सगळेच करत. मे महिन्यात, सराव सुरू होण्याआधी, डॉक्टर डोक्याची परीक्षा घ्यायचा. पाच शब्द वाचायचा आणि दहा मिनिटांनी परत विचारायचा. खेळाडू मुद्दाम तीनच सांगत. पुढे सामन्यात डोक्याला मार बसून खरोखर तीनच आठवले, तरी डॉक्टर जुना कागद बघून म्हणायचा, याचं नेहमीचंच आहे, आणि मैदानात सोडायचा. मे महिन्यात पाचही सांगणारा प्रामाणिक गडी मात्र मार बसल्यावर बाकावर बसायचा. बाकावर बसला की जागा गेलीच.

जोलीनच्या नवऱ्याची, कर्टिसची, जागा तशीही डळमळत होती. तो वाइड रिसीव्हर. लांबवर फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलायचा. त्या कामाला तेहेतीस म्हणजे म्हातारपण. नव्या पोरांना वाव द्यायला हवा, असं प्रशिक्षकाने दोनदा सुचवून पाहिलं. कर्टिसने उत्तर दिलं, "आधी चेंडू माझ्या हातातून काढून दाखवा, मग मला काढा."

चार वर्षांपूर्वी ही लबाडी त्याला जमत नव्हती. पाचही शब्द तोंडातून निसटायचे. जोलीननेच समोर बसवून त्याच्याकडून घटवून घेतलं, दोन गिळायला शिकवलं.

मग तो घरचा खेळच झाला. पाच जिन्नस आणायला पाठवावं, तर हा तीन घेऊन यायचा आणि भुवया उडवायचा. जोलीन हसत उरलेले दोन आणायला स्वतः जायची. मुलीला, टेसला, तो पिल्लूच म्हणायचा. खेळाच्या चाली बारीक अक्षरात लिहिलेली पट्टी मनगटावर बांधायचा, त्यावरून संघातली पोरं छेडायची, "काका, चष्मा आणू का?" तो म्हणायचा, "आधी मला गाठा."

या मे महिन्यात परीक्षा देऊन तो बाहेर आला, तेव्हा ती टेसला घेऊन गाडीत थांबली होती.

"किती?"

"तीन."

"शाब्बास."

सप्टेंबरच्या मोठ्या सामन्यात दोन धिप्पाड गड्यांनी त्याला हवेतच गाठलं. तो पडला आणि उठेना. जोलीनने टेसचं पाऊल घट्ट धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने तो उठून बसला. डॉक्टरने शब्द वाचले, वाट पाहिली, विचारलं. कर्टिसने प्रेक्षकांत तिला शोधून तीन बोटं दाखवली. ती रडता रडता हसली.

डॉक्टरने त्याला परत मैदानात सोडलं, तेव्हा संघाची चेंडू पुढे न्यायची तिसरी, म्हणजे शेवटची संधी उरली होती. कर्टिस मागून धावत सुटला, समोरच्या संघातल्या दोन पोरांच्या डोक्यांवरून चेंडू झेलला आणि रेषेपार गेला. मग सरळ प्रशिक्षकापुढे जाऊन तो चेंडू त्याच्या छातीला टेकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोलीन बटाट्याच्या करंज्यांसारखे पेरोगी परतत होती. खूश होती. म्हणाली, आता मेपर्यंत परीक्षा नाही, आज तरी पाचही म्हणून दाखवा, राजे. तिने फ्रिजवरची यादी वाचली: बटाटे, कांदे, साय, मीठ, साबण. मग टेसला भरवलं.

"हं, बोल."

"बटाटे," कर्टिस म्हणाला. "कांदे. साय."

ती भुवयांची वाट बघत राहिली. भुवया उडाल्या नाहीत.

"नाटक पुरे आता."

"नाटक मागच्या वर्षीच सोडलं, जोली," तो म्हणाला. "या मेमध्ये मी पाचही सांगायला गेलो होतो."

तुमच्या घरी कुणी असं हसत तीनच सांगत असेल, तर आज त्याला चौथा विचारून बघा.