सिलोनचा सिल्वा

डोमाजीनं मारलेला चेंडू गोलकीपरच्या बोटांना चाटून जाळ्यात गेला, तेव्हा कडेला खुर्चीवर बसलेले भगवंतराव उठून उभे राहिले. अकोल्यातल्या एका गिरणीसाठी ते फुटबॉलचा संघ निवडत होते. साल १९५२. निवड झाली की गिरणीत नावापुरती नोकरी आणि पगार. काम एकच, खेळणं.

"हा कोन हाये?" त्यांनी विचारलं.

कारकून त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. भगवंतराव परत बसले.

"खेळतो झकास," ते म्हणाले. "पन सारे एका माठातलं पानी पेतात न. बाकीचे आयकनार नाईत. त्याले सांगा, जागा भरल्या."

डोमाजी निघून गेला. रांगेत त्याच्या मागे एक उंच, काळा माणूस उभा होता. पंचविशीतला असेल.

"तुमचं नाव?"

भगवंतरावांना प्रश्न दुसऱ्यांदा हिंदीतून विचारावा लागला.

"सिल्वा," तो म्हणाला. "अँथनी सिल्वा. सिलोन से."

लढाईच्या दिवसांत फौजेबरोबर ब्रह्मदेशात होता, गोऱ्या सोजिरांकडून खेळ शिकला, एवढं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. मग चेंडू घेऊन तो पळाला आणि भगवंतरावांनी पुढचं काही विचारलंच नाही.

दोन वर्षांत सिल्वाचं नाव भुसावळपासून नागपूरपर्यंत झालं. गिरणीनं त्याला मैनाबाईंच्या घरी खोली घेऊन दिली. मैनाबाई जातीच्या बाबतीत कडक. पण त्या म्हणाल्या, "परदेशचा किरिस्ताव मानूस. त्याले काय विचारायचं?" ओसरीवर घरच्या पुरुषांच्या पंगतीत त्याचं ताट वाढलं जाऊ लागलं.

जेवणं झाली की त्यांचे यजमान महादेवराव कौतुकानं रेडिओ सिलोन लावायचे. "घ्या सिल्वासायब, तुमच्या गावचा आवाज!"

सिलोनवरची गाणी संपेपर्यंत सिल्वा मान खाली घालून बसायचा. एकदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरची याद येऊन राह्यली बिचाऱ्याले," मैनाबाई हळूच म्हणाल्या.

त्याला कधी पत्र आलं नाही. दिवाळीत बाकीचे खेळाडू गावोगाव पांगायचे. तो एकटा गिरणीच्या भिंतीवर चेंडू मारत राहायचा. मराठी त्याला कळायला लागली होती, पण बोलत मात्र नसे. "दोन शब्द तरी बोला," म्हणून लोक मागे लागले, की हसून मान हलवायचा. हळूहळू लोकांनीही त्याच्याशी बोलणं सोडलं. टाळ्या वाजवायचे, खांद्यावर घ्यायचे आणि आपापल्या घरी जायचे.

त्याची एकच खोड होती. सामना अमरावतीला असला की नेमकी त्याची पोटरी भरून यायची.

छप्पन सालच्या हिवाळ्यात डोमाजी त्याला मैदानावर भेटला. तो आता त्याच गिरणीत कापसाच्या गाठी वाहायचा, आणि एकही सामना चुकवत नसे. दोरीबाहेर उभा राहून बघायचा.

"सायब, आमी नागपूरले जाऊन आलो. बौद्ध झालो," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तुमच्या सिलोनात सारे बौद्धच हायत म्हनतात. त्यायची वंदना कशी असते? आमाले अजून नीट येत नाई. शिकवा न."

सिल्वा बुटांची नाडी बांधत होता. ती बांधून झाली तरी तो वाकलेलाच राहिला.

"हम किरिस्तान है," तो शेवटी म्हणाला. "मालूम नहीं."

"बरं," डोमाजी म्हणाला. तो परत दोरीबाहेर गेला. त्या दिवशी सिल्वानं सरावात एकही चेंडू नीट मारला नाही.

एकोणसाठला संघ मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना अमरावतीत होता. सिल्वानं पोटरी दाखवली. या वेळी भगवंतराव ऐकेनात.

"नाई खेळले तर खोली सोडा, नोकरी सोडा. मालकाचा हुकूम हाये."

तो खेळला. गर्दीकडे त्यानं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. उत्तरार्धात गोल केला, आणि त्याच झटापटीत दोघे बचावपटू त्याच्या गुडघ्यावर पडले.

"माय वं!" तो ओरडला.

स्ट्रेचर धरायला आलेल्यांना एवढ्या गडबडीतही हसू फुटलं. "अरे, सिलोनचा सायब पक्का वऱ्हाडी झाला!"

गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. साठ साली गिरणीनं त्याचा सत्कार केला आणि नागपूरमार्गे मद्रासपर्यंतचं तिकीट काढून दिलं. पुढं बोटीनं तो घरी जाणार होता. निम्मं अकोला स्टेशनवर लोटलं. मैनाबाईंनी लाडू बांधून दिले आणि पदर डोळ्यांना लावला.

सगळ्यांत शेवटी डोमाजी खिडकीपाशी आला. "देशात पोचले की एक चिठ्ठी धाडा, सायब."

सिल्वानं त्याचा हात धरला. गाडी हलली, डोमाजी चार पावलं सोबत धावला, तेव्हा कुठं त्यानं तो सोडला.

दोन तासांनी बडनेरा आलं. सिल्वानं गळ्यातले हार बाकावर काढून ठेवले, ट्रंक उचलली आणि तो उतरला. टांगा करून अमरावतीला आला. गावाच्या पार टोकाला, जिथं घरांवर निळी निशाणं फडकत होती, तिथं त्यानं टांगा सोडला. लंगडत, कुणाला न विचारता तो तिसऱ्या गल्लीत वळला.

दारात एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. समोर कोटातला माणूस बघून ती गडबडून उठली.

"कोन पायजे, सायब?"

त्यानं ट्रंक खाली ठेवली.

"माय, मी व्हय वं. तुहा देवमन."