बोटभर फट

"आजी, वर्तुळ पूर्ण करा ना!" सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली होती.

वृद्धाश्रमातल्या विसरभोळ्या आजी-आजोबांना मी मंडला काढायला शिकवते. मधल्या ठिपक्याभोवती पाकळ्या काढत जायचं आणि शेवटचं वर्तुळ बंद करायचं, एवढंच. पण प्रत्येक जण त्या वर्तुळाला बोटभर फट ठेवायचा, आणि तीही दाराच्या बाजूला. मी टेबलं फिरवली, कागद उलटे केले, तरी फट दाराकडेच. पोटच्या पोरांना न ओळखणाऱ्या या माणसांच्या एवढं मात्र बरं लक्षात राहायचं!

आज सगळ्यांच्या फटी माझ्या खुर्चीकडे होत्या.

माझं डोकंच फिरलं. तरातरा उठले, पेन्सिल घेतली आणि एकेकाची फट बुजवत गेले. शेवटी कोपऱ्यात शिवण घेऊन बसणाऱ्या आजींचा कागद ओढून तीही बुजवली.

"झालं! इतकं सोपं असतं."

आजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काय केलंस हे, पोरी? तो आत्ताच या फटीतून बाहेर आलाय. आता परत आत कुठून जाणार?"

सगळे माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

खुर्ची करकरली, कुणी निवांत पाठ टेकल्यासारखी.