पाळलेले दगड

तात्यांच्या काचेच्या टाकीत महिनाभर नुसतं खारं पाणी, वाळू आणि समुद्रातले दगड होते. पाणी मुरल्याशिवाय मासा सोडायचा नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू सांगायच्या, "आमच्या ह्यांनी दगड पाळलेत." तात्या ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आज पाणी तयार झालं, तसे ते काकूंना घेऊन मोठ्या हौसेने दुकानात आले. तात्यांच्या मनात भरलेला पिवळाधमक मासा दुकानदाराने पिशवीत घेतला. तो गाठ मारणार, इतक्यात काकूंनी विचारलं, "हा गोगलगाय खातो का हो?" "आवडीने. पण तुमच्याकडे कुठे आहे?" "आहे ना. दगडाला चिकटून आली असणार. दुपारी हे घोरायला लागले की बाहेर येते. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसते." तात्या बघतच राहिले. "दुसरा दाखवा, गरीब स्वभावाचा," काकू म्हणाल्या. "घरात आधीचं माणूस आहे."