दोन गठ्ठे

"पायाभूत गणित की प्रगत?" विद्यापीठाच्या प्रवेशखोलीत, अर्जांच्या दोन गठ्ठ्यांमागून सरांनी विचारलं.

"प्रगतच, सर!" मृण्मयीने बारावीची गुणपत्रिका ऐटीत पुढे केली. गणितात नव्याण्णव. उरलेल्या एका गुणासाठी आई अजून पेपर तपासणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती.

सरांनी गुणपत्रिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. "दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो?"

"नियमच आहे, सर. क्लासमध्ये पाठ करून घेतलाय."

"छान," म्हणत सरांनी पायाभूतचा अर्ज तिच्या हातात ठेवला.

तिचं तोंड एवढंसं झालं. दारापर्यंत जाऊन ती थबकली आणि तशीच परत आली.

"पण सर, का येतो तो धन?"

सर पहिल्यांदाच हसले. तिच्या हातातला अर्ज काढून घेत त्यांनी प्रगतचा पुढे केला.

"हं, आता संपली तुझी बारावी."